माझा दांडा कुणी फिरवला?

मित्रांनो, मी एक जुना फवारणीचा पंप आहे. पाठीला लावून, हाताने दांडा मारत चालवायचा, सोळा लिटरचा. कधीकाळी माझा रंग निळा होता. आता तो कुठला आहे ते मला सांगता यायचं नाही आणि तुम्हालाही यायचं नाही. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळव्या आवाजात सांगावी अशी पद्धत आहे म्हणे. मला ते जमणार नाही. मी चिडलेलो आहे. दोन वर्षं झाली तरी चिडलेलोच आहे, आणि का ते ऐकल्यावर तुम्हीही चिडावं अशी माझी इच्छा आहे.

आधी एक गोष्ट साफ सांगून टाकतो. माझ्या पोटात ओततात ते विष असतं. माणसं त्याला ‘औषध’ म्हणतात. म्हणोत बापडी. विषाचं नाव बदलल्याने माझ्या पोटातली जळजळ कधी कमी झाली नाही, आणि पानावरच्या किड्याचीही झाली नाही. मी ते काम केलं कारण मला त्यासाठीच बनवलं होतं. विष कधी, कुठे आणि किती मारायचं हे मी ठरवत नाही. ते पाठीवर घेणारा माणूस ठरवतो. एवढं साधं वाक्य जर एका शेतावरच्या शहाण्या माणसांनी लक्षात ठेवलं असतं, तर मला आज तोंड उघडावं लागलं नसतं.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या कारखान्यात झाला. शेवटच्या टेबलावर जाड चष्म्याची एक बाई बसायची. प्रत्येक पंपात पाणी भरायची, चाळीस वेळा दांडा मारायची आणि सांध्यांना कान लावून ऐकायची. माझ्यात कुठेच सूं सूं होत नाही अशी खात्री झाल्यावर तिने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, “हा पठ्ठ्या टिकेल.” माझ्या पोटावर एक कागद चिकटवलेला होता. त्यावर पहिलंच वाक्य होतं की वापरल्यावर तीन पाण्यांनी धुवा. शेवटचं होतं की वायसर दर हंगामाला बदला. तो कागद पहिल्या वर्षीच गळून पडला. गळेपर्यंत तो कुणी वाचला होता असं मला तरी आठवत नाही.

मी ज्या शेतावर आलो ते दोन भावांचं होतं. आठ एकर भाजीपाला आणि उन्हाळ्यात चार एकर कलिंगड. भाजी खायला पिकवणं वेगळं आणि पाठवायला पिकवणं वेगळं, हे मी तिथे शिकलो. खायची काकडी वाकडी असली तरी चालते. पाठवायची काकडी सरळ हवी, वीतभर हवी, तिच्यावर डाग नको. वाकड्या काकड्या गुरांपुढे जात. पत्र्याच्या शेडमध्ये क्रेट छतापर्यंत रचलेले असत आणि पहाटेपासून माणसं निवडत, पुसत, भरत असत. थोरल्या भावाला सगळे दादा म्हणत. त्याचे कोपरापर्यंतचे हात कायम मातीने भरलेले. धाकट्याचा हात मात्र कायम फोनने भरलेला. माल घेणारे लोक, गाड्या, भाव, सगळं तोच बघायचा. त्याला मी धाकटे म्हणतो. नाव घ्यायची माझी इच्छा नाही.

आणि मामा. मामा कुणाचेच मामा नव्हते, तरी सगळ्यांचे होते. फवारणी त्यांच्याकडे. पहिल्या दिवशी त्यांनी मला पाठीला लावलं आणि लगेच खाली उतरवलं. त्याचं असं आहे की बहुतेक माणसं उजव्या हातात फवाऱ्याची नळी धरतात आणि डाव्या हाताने दांडा मारतात. म्हणून आम्हा पंपांचा दांडा कारखान्यातून डावीकडे बसवून येतो. मामा होते डावखुरे. त्यांनी माझ्या बुडाशी असलेली पिन काढली, दांडा ओढून उजवीकडे बसवला आणि पिन परत ठोकली. “आता जमेल आपलं,” असं मलाच म्हणाले. तेव्हापासून तेरा वर्षं माझा दांडा उजवीकडेच होता. हे नीट लक्षात ठेवा, कारण त्या शेतावर ते कुणीही लक्षात ठेवलं नाही.

मामांचं शेतावरचं दुसरं नाव घड्याळमामा. त्यांच्या मनगटावर घड्याळ कधीच नव्हतं. ते कलिंगडाचं फूल बघून वेळ सांगत. कलिंगडाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपार कलली की मिटतं. एका दिवसाचाच त्याचा संसार. तेवढ्या वेळात मधमाशीने त्यावर आठ-दहा फेऱ्या मारल्या तर फळ धरतं, गोल आणि भरदार होतं. माशी आलीच नाही तर फूल गळून जातं, आणि अर्धीमुर्धी आली तर फळ वाकडं होतं. म्हणजे चार एकरांचा सगळा धंदा त्या एका सकाळवर आणि त्या एवढ्याशा किड्यावर उभा. मामांना हे माहीत होतं, म्हणून मामा फुलं मिटल्याशिवाय मला हात लावत नसत. कामावरच्या बाया मुद्दाम विचारायच्या, “मामा, किती वाजले?” मामा वाकून बघत आणि म्हणत, “अजून उघडी आहेत. चहाला वेळ आहे, कामाला लागा.”

फुलोरा सुरू झाला की मधवाल्या ताई यायच्या. त्यांचा धंदाच मधमाश्यांच्या पेट्यांचा. बारा पेट्या त्या कलिंगडाच्या बांधावर मांडून जात आणि वीस दिवसांनी घेऊन जात. पेट्या आल्या की त्या घरी बसत नसत, रोज संध्याकाळी एक चक्कर असायचीच. पहिल्या वर्षी त्यांनी दादांना एकच अट घातली होती. पेट्या असेपर्यंत फुलं मिटल्याशिवाय फवारा नाही. आणि अट तोंडी राहू नये म्हणून त्यांनी आपल्या जुन्या साडीची एक लाल पट्टी फाडून माझ्या दांड्याला बांधली होती. पट्टी फक्त मामांनी सोडायची, तीही शेताला पूर्ण फेरी मारून, फुलं बघून. आठ वर्षं हा नियम चालला. आठ वर्षं मी ती लाल पट्टी मिरवली, आणि खरं सांगतो, मला तिचा अभिमान होता.

माझ्यात खोट नव्हती असं मी म्हणत नाही. माझा वायसर झिजला होता आणि मी पाठीवर गळत होतो. मामा सदऱ्यावरून खताची रिकामी गोणी बांधून मग मला लावत. तरी त्यांच्या पाठीवर लाल चट्टे उठत. “भाऊ, वायसर आणा ना एक,” असं त्यांनी धाकट्यांना चार वेळा सांगितलं. चारही वेळा धाकटे फोनवर होते. चिल्लर किमतीची एक गोल रबरी चकती! रोज गावात गाडी घेऊन जाणाऱ्या माणसाला ती आणवली नाही. पुढे हाच वायसर त्यांच्या कसा कामी आला ते ऐका.

त्या वर्षी माल घेणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा माणूस पीक बघायला येणार होता. दुपारी बारा वाजता. दादा रोपं आणायला रोपवाटिकेत गेले होते. मामा पलीकडच्या काकडीच्या पट्ट्यात ठिबकची गाळणी साफ करत होते. धाकटे सकाळी रस्त्याकडच्या ओळींमध्ये फिरले आणि त्यांना पानांच्या पोटाशी मावा नावाचा बारीक किडा दिसला. थोडासाच होता. मामा संध्याकाळी तो बघणारच होते. पण पाहुण्याने पान उलटं करून बघितलं तर? धाकट्यांनी शेडमध्ये येऊन मला खुंटीवरून काढलं, पट्टीची गाठ सुटेना म्हणून दाताने सोडली, आणि ती लाल पट्टी पाटात भिरकावून दिली.

साडेआठ वाजले होते. फुलं टक्क उघडी होती.

मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. मी फक्त अडू शकतो, आणि तेवढं मी केलं. धाकट्यांना उजवीकडचा दांडा जमेना. त्यांनी दोन पावलं टाकली, नळी पायात अडकली, विष बुटावर सांडलं. मला शिव्या घालत त्यांनी खाली उतरवलं, पिन उपसली, दांडा डावीकडे बसवला आणि पुन्हा पाठीला लावलं. मग रस्त्याकडच्या बारा ओळी त्यांनी चिंब भिजवल्या. माश्या फुलांत बसलेल्या होत्या. काही तिथेच पडल्या. काही विष अंगावर घेऊन पेटीकडे परत गेल्या. हे सगळं माझ्या तोंडातून बाहेर पडत होतं. तेरा वर्षांत मला माझ्या कामाची लाज वाटली नव्हती, ती त्या सकाळी वाटली.

धाकट्यांनी मला न धुता खुंटीला लावलं आणि हातपाय धुऊन इस्त्रीचा सदरा घातला. बारा वाजता पाहुणा आला. पानं चकचकीत होती. “वा, छान ठेवलंय पीक,” म्हणाला. धाकटे हसले. तिथून वीस पावलांवर पेट्यांच्या दाराशी माश्यांचे ढीग पडत होते. काही नुसत्या गोल गोल फिरत होत्या. त्या बाजूला कुणी मान वळवून बघितलंही नाही.

संध्याकाळी ताई आल्या. त्या रडल्या नाहीत. जमिनीवर बसल्या आणि ओंजळीने मेलेल्या माश्या उचलून पदरात भरायला लागल्या, जणू त्या मोजूनच घरी न्यायच्या होत्या. बारांपैकी आठ पेट्या गेल्या होत्या. मग त्यांनी वर बघून विचारलं, “कुणी मारलं?”

दादा परत आले होते. मामाही होते. धाकटे शेडच्या खांबाला टेकून उभे होते. दादांनी त्यांच्याकडे बघितलं, तर ते म्हणाले, “मला काय विचारतोस? पंप कुणाच्या पाठीवर असतो?”

“मी आज पंप पाठीला लावलाच नाही,” मामा म्हणाले.

“मामा, चुकलं असेल हो. वय झालंय,” धाकट्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “परवाच डोळ्याचं ऑपरेशन झालंय तुमचं. फुलं मिटली असं वाटलं असेल. आणि हा पंप तरी कुठे धड आहे? गळका मेला. दांडा मारला नाही तरी गळतो. बघा, अजून ओला आहे.”

बघितलंत? चार वेळा मागूनही न आणलेला वायसर असा उपयोगी पडला! अहो, मी गळतो ते मामांच्या पाठीवर. वीस पावलं उडी मारून पेटीवर जाऊन गळतो काय मी? आणि मी ओला होतो तर कुणामुळे? पण आपलं खापर फोडायला असं मुकं डोकं मिळालं की माणसं दुसरं शोधत नाहीत.

ताई उठल्या. म्हणाल्या, “मामा, आठ वर्षं मी या घरावर नाही, तुमच्या डोळ्यांवर विसंबून पेट्या ठेवल्या. दिसत नव्हतं तर तसं सांगायचं होतं. खोटं तरी बोलायचं नव्हतं.”

मामा एकदाच म्हणाले, “ताई, मी खोटं बोललो नाही.” आणि मी? मी समोर खुंटीवर होतो, दांडा डाव्या बाजूला घेऊन! अरे, बघा ना! डावखुऱ्या माणसाचा पंप आहे हा, आणि दांडा कुठे आहे? मान वर करून एकदा बघायचं होतं. दादांना डोळे होते, ताईंना होते, मामांना तर नवीन भिंग बसवलेलं होतं. पण मामांची मान खाली गेली होती आणि बाकीचे मामांकडे बघत होते. माझ्याकडे बघितलं ते फक्त धाकट्यांनी. त्यांनीही दांडा नाही बघितला. त्यांच्या दृष्टीने तो बरोबर जागी होता.

“हा पंप आजपासून बंद,” दादा म्हणाले. धाकट्यांनी लगबगीने मला उचललं आणि मागच्या खोलीत, फुटक्या क्रेटच्या ढिगाआड फेकलं. दुसऱ्या दिवशी बॅटरीवरचा नवा पंप आला. त्याला वायसरही नवा आणि माज तर त्याहून नवा. मामांच्या हातात फवारा पुन्हा दिला नाही. त्यांना क्रेट धुवायला लावलं. त्यांना आता कुणी वेळ विचारत नव्हतं. कामाच्या बाया त्यांच्या जवळून जाताना आवाज बारीक करत. खोलीच्या फटीतून मला मामा दिसायचे, हौदापाशी उकिडवे बसून ब्रश घासताना. ते फार जोरात घासायचे. एवढ्या जोराची काही गरज नसते क्रेटला.

दीड महिना गेला आणि कलिंगडं तयार झाली. तयार कसली, थट्टा झाली. निम्मी फुलं गळलीच होती. जी फळं धरली ती एका बाजूला फुगलेली आणि देठाकडे चिमटलेली. रस्त्याकडच्या बारा ओळींत तर गोल फळ औषधालाही सापडेना. तोच पाहुणा गाडी घेऊन आला, एक फळ उचलून म्हणाला, “हे कलिंगड आहे की दुधी?” आणि रिकामी गाडी घेऊन गेला. गुरांना घालून घालून किती घालणार? बांधावर ढीग पडले आणि माश्या आल्या. मधाच्या नव्हे, दुसऱ्या.

दादांचा संताप कुठेतरी निघायला हवा होता. तो माझ्यावर निघाला. खोलीचं दार ढकलून ते आत आले, क्रेट लाथेने बाजूला केले आणि मला पट्ट्याने फरपटत अंगणात आणलं. “मामा! हे धूड भंगारात टाकून या. याने माझं पीक खाल्लं.” हिशेबाला बसलेले धाकटेही बाहेर आले होते. मामांनी ओले हात धोतराला पुसले. मला उचललं आणि तेरा वर्षांच्या सवयीने पाठीला लावलं. तशाच सवयीने त्यांचा उजवा हात दांड्याकडे गेला.

तिथे दांडा नव्हता.

हात हवेत तसाच राहिला. मग त्यांनी डावा हात मागे नेला, दांडा चाचपला, आणि मला हळूच खाली उतरवून माझ्यासमोर वाकून उभे राहिले. अखेर एका माणसाने माझ्याकडे बघितलं!

“दादा,” मामा म्हणाले, “याचा दांडा कुणी फिरवला?”

दादांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्यांनी मामांचा डावा हात बघितला, मग दांडा बघितला, आणि मग अगदी सावकाश मान वळवून भावाकडे बघितलं. धाकटे फोन कानाला लावून आत जायला निघाले होते. फोन वाजलाच नव्हता.

आता तुम्हाला वाटेल, संपलं, खरं बाहेर आलं. मलाही तसंच वाटलं. पण दादा मामांच्या जवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “मामा, झालं ते झालं. तुमची चूक नव्हती, मी मानतो. उद्यापासून फवारा परत तुमच्याकडे. पण हे इथेच राहू द्या. घरातली गोष्ट आहे.”

मित्रांनो, धाकट्यांपेक्षा मला त्या वाक्याचा राग जास्त आहे. धाकटे घाबरून खोटं बोलले. दादा सगळं कळल्यावर, शांतपणे, ते खोटं जपायला निघाले. मामांचं नाव गेलं ते भर अंगणात, सगळ्यांच्या देखत. आणि परत द्यायचं ते कानात?

“घरातली नाही ही,” मामा म्हणाले. “ताईंच्या पेट्यांतली आहे.” त्यांनी मला पुन्हा पाठीला लावलं आणि तसेच फाटकातून बाहेर पडले. गोणी बांधली नव्हती. उरलंसुरलं विष त्यांच्या सदऱ्यावर ठिपकत होतं आणि मला ते थांबवता येत नव्हतं. अर्ध्या तासाचा रस्ता होता. रस्त्यात लोकांनी विचारलं, “मामा, रिकामा पंप घेऊन कुठे?” मामा चालतच राहिले.

ताई अंगणात पेटीच्या फळ्या रंगवत होत्या. मामांनी मला त्यांच्यासमोर ठेवलं आणि एवढंच म्हणाले, “ताई, याचा दांडा बघा.” ताईंनी बघितलं. त्यांनी मामांना आठ वर्षं फवारताना पाहिलं होतं, त्यामुळे समजवायची गरज पडली नाही. ब्रश डब्यात टाकून त्या म्हणाल्या, “मामा, मी तुम्हाला काय काय बोलले हो.” मामा म्हणाले, “बोललात ते बोललात. आता पाणी द्या, लांबून आलोय.”

थोड्या वेळाने दादा आले. चालत आले, एकटेच आले. फाटकाबाहेर उभे राहून मोठ्या आवाजात, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ताई, पेट्या माझ्या भावाने मारल्या. मामांनी नाही.” एवढं बोलून गेले. त्याबद्दल मी त्यांना थोडी माफी देतो. थोडीच. धाकटे आजवर आलेले नाहीत. मी वाट बघतोय, मला कुठे जायचंय?

मामा परत त्या शेतावर गेले नाहीत. ते आता ताईंच्या पेट्यांबरोबर जातात, शेताशेतात फुलं बघतात आणि वेळ सांगतात. चाराच्या सात पेट्या झाल्या आहेत. मला तीन पाण्यांनी धुतलं, कागदावर लिहिलं होतं तसं, आणि ताईंच्या फाटकाच्या खांबाला टांगलं. माझ्यात आता कुणी काही भरत नाही, आणि भरूही नये. दांडा मात्र डावीकडेच ठेवलाय. त्याला नवी लाल पट्टी बांधली आहे. कुणी शेतकरी पेट्या मागायला आला की ताई त्याला आत घेत नाहीत. आधी खांबापाशी उभं करतात आणि माझी सगळी कहाणी सांगतात.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू बिघडली, सांडली, जळली, तर तिला फेकून द्यायची घाई करू नका. तिच्यावर जो माणूस रोज काम करतो, त्याच्यावर बोट रोखायची तर मुळीच करू नका. आम्ही मुकी आहोत, पण कुणाचा हात लागला ते आमच्या अंगावर राहतं. वायसर वेळेवर बदला. धुवा. आणि दोष द्यायच्या आधी जवळ या, वाका, आणि दांडा कुठल्या बाजूला आहे ते बघा. दीड महिना मी एवढंच सांगत होतो.